डिमॅजिओ थोर की विल्यम्स?

दोन थोरांपैकी अधिक थोर कोण, हा प्रश्न आपल्याकडे जितक्या हिरिरीने विचारला जातो तितक्याच तुच्छतेने झटकलाही जातो. ज्ञानेश्वर की तुकाराम, फडके की खांडेकर, गाडगीळ की गोखले असे वाद ज्याने घातले नाहीत असा मराठीचा विद्यार्थी सापडणे कठीण. आणि ‘ज्याचा त्याचा मार्ग वेगळा, तुलना करूच नये’ असे सांगून हा वाद ज्याने मिटवला नाही असा प्राध्यापकही तितकाच दुर्मीळ. हे मिटवणे आम्हाला फारसे पटत नाही. तुलना नाकारणारा पुष्कळदा आपले निकष उघडे करण्याचेच टाळत असतो. ‘हा अधिक थोर’ असे म्हटले की ‘कशावरून?’ हा प्रश्न अंगावर येतो, आणि समीक्षेची सुरुवात तिथूनच होते.

साहित्यातल्या जोड्यांबाबत मात्र एक अडचण असते. त्यांत आपले वाचनप्रेम, आपले गुरुजन, आपला प्रदेश, कधी कधी आपली जातही गुंतलेली असते. निकष आधी आणि निवाडा नंतर, असा क्रम तिथे क्वचितच राहतो; निवाडा मनात आधीच ठरलेला असतो आणि निकष त्याच्या मापाने बेतले जातात. म्हणून या लेखासाठी आम्ही अशी जोडी घेतली आहे की जिच्यात आमचे काहीच गुंतलेले नव्हते. अमेरिकेतल्या बेसबॉलचे दोन फलंदाज: न्यूयॉर्क यँकीजचा जो डिमॅजिओ आणि बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स.

मराठीच्या दोन अध्यापकांनी इतक्या दूर जावे याला कारण पु. ल. देशपांडे. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या १९५२ सालच्या कादंबरिकेचा पु. लं.नी ‘एका कोळियाने’ या नावाने अनुवाद केला. शाळेच्या कवितेतला, जाळे बांधताना पडणारा कोळी आणि समुद्रावरचा कोळी यांना एका शब्दात आणण्याची त्यांची खुबी त्या शीर्षकातच दिसते. त्यातला क्युबन म्हातारा सँटियागो ८४ दिवस मासा न गवसलेला. भर समुद्रात, हाताला दोर काचत असताना, त्याच्या मनात पुन:पुन्हा एक नाव येते ते थोर डिमॅजिओचे. डिमॅजिओचा बापही कोळीच होता म्हणतात, तेव्हा त्याला आपले दुःख कळेल, असे म्हाताऱ्याला वाटते. डिमॅजिओ टाचेचे हाड वाढल्याची वेदना सोसून खेळतो, मग आपणही सोसले पाहिजे, असे तो स्वतःला बजावतो. आमच्यापैकी एकीच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘मॅडम, हा डिमॅजिओ खरोखरच एवढा थोर होता, की म्हाताऱ्याला तो तसा वाटतो इतकेच?’ प्रश्न लहानसा होता, पण थोरवी माणसात असते की ती पाहणाऱ्याच्या गरजेत, असे तिने जवळजवळ विचारूनच टाकले होते. उत्तर शोधता शोधता दुसरे नाव समोर आले, आणि शिक्षककक्षात आमचे दोन पक्ष पडले. आमच्यातली एक डिमॅजिओच्या बाजूची, दुसरा विल्यम्सच्या.

बेसबॉलचे गणित दोन शब्दांत सांगायला हवे. पिचरने फेकलेला चेंडू टोलवून फलंदाजाने सुखरूप पहिला बेस गाठला की तो यशस्वी फटका. एकूण संधींपैकी असे फटके किती, हे दशांशात मांडतात आणि तीच फलंदाजाची सरासरी. ०.३०० म्हणजे दहांत तीन वेळा यश, आणि तेवढ्यावर माणूस उत्तम फलंदाज ठरतो. ज्या खेळात दहांपैकी सात वेळा अपयशी होणारा नायक समजला जातो, त्या खेळात थोरवीचा विचार अपयशाच्या पार्श्वभूमीवरच करावा लागतो. आणखी एक बाब म्हणजे, पिचरने ठरावीक चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने मोह आवरून ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. सरासरीत वॉक धरला जात नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता १९४१ साल पाहू. त्या उन्हाळ्यात १५ मे ते १६ जुलै या काळात डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत, प्रत्येक सामन्यात किमान एक यशस्वी फटका मारला. आधीचा विक्रम १८९७ सालचा, विली कीलरचा, ४४ सामन्यांचा होता. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये केन केल्टनर या क्षेत्ररक्षकाने त्याचे दोन कडक फटके अडवले आणि मालिका तुटली. डिमॅजिओने लगेच नवी मालिका सुरू केली ती पुढे १६ सामने चालली. त्याच हंगामात विल्यम्सची सरासरी होती ०.४०६. त्यानंतर ज्यांना त्या काळी ‘मेजर लीग’ म्हणत त्या दोन लीगमध्ये कोणालाही पूर्ण हंगामात ०.४०० गाठता आलेली नाही. १९८० साली जॉर्ज ब्रेट ०.३९० पर्यंत पोहोचला, १९९४ साली संपामुळे अर्धवट राहिलेल्या हंगामात टोनी ग्विन ०.३९४ पर्यंत, तिथेच ते थांबले.

म्हणजे एकाच वर्षी दोन असे पराक्रम झाले की ज्यांची बरोबरी त्या लीगमध्ये आजवर झालेली नाही. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पत्रकारांच्या मतांनी ठरे. तो डिमॅजिओला मिळाला: २९१ गुण विरुद्ध २५४.

डिमॅजिओच्या बाजूचा युक्तिवाद असा. तो यँकीजसाठी १९३६ ते १९५१ या काळात, युद्धाची तीन वर्षे वगळून, १३ हंगाम खेळला. त्यांपैकी दहांत संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि नऊ वेळा जिंकला. कारकिर्दीत त्याने ३६१ होम रन मारले आणि तो ‘स्ट्राइक आउट’ झाला फक्त ३६९ वेळा. लांब फटके मारणारा फलंदाज वारंवार चुकतो, हा खेळाचा नियमच; त्याने तो जवळजवळ खोटा ठरवला. १९४१ साली तर ३० होम रन आणि स्ट्राइक आउट केवळ १३. मैदानाच्या मध्यभागी मागे उभे राहून उंच उडालेल्या चेंडूखाली तो इतक्या सहज पोहोचत असे की धाव घेतल्याचे जाणवतच नसे, असे पाहणारे सांगत. धडपडून झेल घेणाऱ्याला टाळ्या अधिक पडतात. आधीच तिथे जाऊन उभ्या राहणाऱ्याची कला कळायला प्रेक्षक जाणता लागतो.

आणि १९४९. टाचेच्या दुखण्याने तो हंगामातले पहिले ६५ सामने बाहेर होता. जूनच्या अखेरीस परतला तो थेट बॉस्टनच्या, म्हणजे विल्यम्सच्याच, मैदानावर. तीन सामन्यांत चार होम रन मारले आणि यँकीजने तिन्ही सामने जिंकले. हंगामाच्या शेवटी बॉस्टनचा संघ एका सामन्याच्या आघाडीने न्यूयॉर्कला आला, दोन सामने उरले होते, आणि दोन्ही हरला. म्हाताऱ्या सँटियागोच्या मनातला डिमॅजिओ तो हाच. जो, व्हिन्स आणि डॉम हे तीन भाऊ. तिघेही मोठ्या लीगमध्ये खेळले, पण सिसिलीहून आलेल्या त्यांच्या बापाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात मासेमारी करून नऊ मुले वाढवली. जोला माशांचा वास सहन होत नसे, नावेत त्याला मळमळे. कोळ्याचा हा मुलगा समुद्राला पाठ फिरवून मोठा झाला, आणि क्युबातल्या एका काल्पनिक कोळ्याने त्याला समुद्रावर परत नेले. ‘आज कोणीतरी मुलगा मला पहिल्यांदाच पाहत असेल’ या भावनेने आपण रोज खेळतो, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. प्रत्येक तासाला वर्गात शिरताना हे आठवावे, असे आमच्यातल्या डिमॅजिओपक्षाचे मत आहे.

विल्यम्सची बाजू मांडणाऱ्याने सुरुवात आकड्यांनी केली. डिमॅजिओची ५६ सामन्यांची मालिका चालू असताना त्याची सरासरी होती ०.४०८, त्याच दिवसांत विल्यम्सची होती ०.४१२. ज्या कालखंडामुळे डिमॅजिओ दंतकथा झाला, त्या कालखंडातही विल्यम्स किंचित पुढेच होता. फक्त त्याचे यश रोजच्या वर्तमानपत्रात मोजण्याजोगे नव्हते. मालिकेला कथानक असते: आज तुटेल का? उद्या? सरासरीला कथानक नसते. वाचक म्हणून आपणही हेच करतो. एका रात्रीत लिहिलेल्या कवितेची गोष्ट आपण सांगत बसतो. तीस वर्षे ज्याचा दर्जा घसरला नाही त्याच्याविषयी सांगण्याजोगी गोष्टच नसते.

तरी विल्यम्सलाही एक दिवस कथानक लाभले. २८ सप्टेंबर १९४१, हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने. आदल्या दिवसापर्यंत ४४८ संधींत १७९ फटके, म्हणजे ०.३९९५५. नोंदवहीत ते ०.४०० असेच लिहिले गेले असते. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला बसून राहण्याची मुभा दिली. वय २३. तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके मारले आणि ०.४०६ वर पोहोचला. पूर्णांकाच्या सोयीने मिळणारी थोरवी त्याने घेतली नाही.

परंतु विल्यम्सचा खरा विशेष आम्हाला वेगळाच वाटतो, आणि तो समीक्षेच्या अभ्यासकाला सहज ओळखू येईल. विल्यम्स निवड करत असे. चौकटीच्या जरा बाहेरच्या चेंडूला तो बॅट लावत नसे, मग सामना कितीही अटीतटीचा असो. पुढे फलंदाजीवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने ही चौकट ७७ चेंडूंत विभागून दाखवली आहे आणि कुठल्या जागी आपली सरासरी किती पडेल ते प्रत्येक चेंडूवर लिहिले आहे. चांगला चेंडू येईपर्यंत थांबा, हे त्याचे मुख्य सूत्र. १९४१ साली त्याने १४७ वॉक मिळवले, कारकिर्दीत २,०२१. फटके आणि वॉक मिळून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचला याचे त्याचे प्रमाण कारकिर्दीत ०.४८२ येते, आजही तो विक्रम आहे. त्याच्या काळातले पत्रकार मात्र म्हणत की हा आपली सरासरी जपतो, संघासाठी जोखीम घेत नाही. वॉकला तेव्हा कोणी मोलच देत नव्हते. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवला की बाद न होणे हीच फलंदाजाची सर्वांत मोठी कमाई. निकष बदलला आणि तीच कृती दोषाची गुण झाली. साहित्याच्या इतिहासात हे इतक्या वेळा घडते की उदाहरणे देण्याचे कारण नाही.

विरुद्ध बाजूला पुष्कळ काही आहे, आणि ते झाकू नये. विल्यम्स एकदाच, १९४६ साली, वर्ल्ड सिरीज खेळला. २५ संधींत पाच फटके, सरासरी ०.२००, संघ हरला. त्याच वर्षी लू बुड्रो या प्रतिस्पर्धी व्यवस्थापकाने जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या बाजूला आणून उभे केले, कारण विल्यम्सचे फटके तिकडेच जात. डावी बाजू मोकळी पडली होती. हलका फटका तिकडे ढकलला असता तर बेस आयता मिळाला असता. तो बहुतेक वेळा उजवीकडेच मारत राहिला. याला हट्ट म्हणायचे की आपल्या शैलीवरची निष्ठा? आम्ही यावर बराच वेळ भांडलो आणि एकमत झाले नाही. प्रेक्षकांशी त्याचे वैर होते. १९५६ साली त्यांच्या दिशेने थुंकल्याबद्दल त्याला ५,००० डॉलर दंड झाला. टोपी उचलून टाळ्यांचा स्वीकार करणे त्याने तारुण्यातच सोडून दिले. २८ सप्टेंबर १९६० रोजी बॉस्टनमध्ये, कारकिर्दीतल्या शेवटच्या संधीला, त्याने होम रन मारला, तो ५२१ वा. सुमारे साडेदहा हजार प्रेक्षक उभे राहिले. तो खाली मान घालून बेस फिरला आणि आत निघून गेला. टोपीला हात लावला नाही. त्या प्रेक्षकांत जॉन अपडाइक हा तरुण लेखक होता. त्याने ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलेला लेख अमेरिकन क्रीडालेखनात अभिजात मानला जातो. म्हणजे डिमॅजिओला हेमिंग्वे मिळाला, विल्यम्सला अपडाइक. एकाला आख्यान लाभले, दुसऱ्याला निबंध. दोघांच्या प्रकृतीला हे शोभूनच दिसते.

परिस्थितीचाही विचार हवा. यँकीजच्या मैदानाची डावी-मधली सीमा त्या काळी ४५७ फुटांवर होती आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या डिमॅजिओचे फटके नेमके तिकडे जात. त्याच्या ३६१ होम रनपैकी घरच्या मैदानावर फक्त १४८ आहेत, बाहेर २१३. उलट बॉस्टनला डावीकडची ३७ फुटी भिंत जवळ आहे, ती डिमॅजिओला मानवली असती. आणि डावखुऱ्या विल्यम्सला यँकीजची जवळची उजवी सीमा. दोन्ही संघांच्या मालकांनी एका रात्री या दोघांची अदलाबदल करण्याचे जवळजवळ ठरवले होते आणि सकाळी बेत मोडला, अशी कथा सांगतात. याशिवाय युद्ध. दोघांचेही १९४३ ते १९४५ हे हंगाम लष्करी सेवेत गेले. डिमॅजिओ सेवेत असताना त्याचा बाप, इटलीचा नागरिक म्हणून, ‘शत्रुराष्ट्राचा परकीय’ ठरला होता. विल्यम्स मरीन दलाचा वैमानिक. कोरियाच्या युद्धासाठी त्याला पुन्हा बोलावले गेले, तिथे त्याने ३९ मोहिमांवर उड्डाण केले आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये जळते विमान पोटावर उतरवून तो जिवंत बाहेर पडला. जवळजवळ पाच हंगाम गमावूनही त्याचे ५२१ होम रन आणि ०.३४४ सरासरी, डिमॅजिओची ०.३२५.

येथवर निवाडा सोपा वाटतो: फलंदाज विल्यम्स मोठा, सर्वांगीण खेळाडू आणि संघाचा आधारस्तंभ डिमॅजिओ मोठा. पण असा ‘दोघेही आपापल्या जागी’ छापाचा समेट करायचा नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते.

मदतीला आला स्टीव्हन जे गूल्ड, उत्क्रांतीचा अभ्यासक आणि बेसबॉलवेडा. त्याने या दोन्ही पराक्रमांवर लिहिले आहे. मालिकांच्या बाबतीत त्याचे म्हणणे असे की बेसबॉलमधल्या जवळजवळ सगळ्या मालिका नाणेफेकीच्या योगायोगाने पडाव्यात तेवढ्याच लांबीच्या आहेत. अपवाद एकच, डिमॅजिओची. ती संभाव्यतेच्या हिशेबात बसत नाही. ०.४०० नाहीशी का झाली, याचे त्याचे उत्तर तर आम्ही वर्गातही सांगतो. लोकांना वाटते की पूर्वीसारखे खेळाडू राहिले नाहीत. गूल्ड म्हणतो, उलट आहे: सगळ्यांचाच दर्जा वाढला, पिचर आणि क्षेत्ररक्षक सुधारले, सर्वांत चांगला आणि सर्वसाधारण यांतले अंतर आकसले, म्हणून एकट्याचे शिखर आता तेवढे उंच दिसत नाही. ‘आता पूर्वीसारखे कवी का होत नाहीत?’ हा उसासा आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. त्या उसाशापुढे गूल्डचा हा विचार एकदा ठेवून पाहण्यासारखा आहे.

आणि इथे आमच्या वादाने अनपेक्षित वळण घेतले. अंतराचा विचार करायचा तर हे दोघे कोणाच्या तुलनेत उंच होते? १९४१ साली या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियमाने नव्हे, मालकांच्या मूक संगनमताने त्यांना दार बंद होते. ते वेगळ्या ‘निग्रो लीग’मध्ये खेळत. जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी ते दार उघडले. त्यांच्यातला सर्वांत समर्थ फलंदाज जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत, ३५ व्या वर्षी, वारला होता. पिचर सॅचेल पेज मोठ्या लीगमध्ये आला तो १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी. डिमॅजिओ १९३६ साली एका प्रदर्शनीय सामन्यात पेजला सामोरा गेला होता आणि आपण खेळलेल्यांत हाच सर्वोत्तम पिचर, असे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले. पण लीगचे सामने पेजसारख्यांविना चालू राहिले. ५६ असो की ०.४०६, दोन्ही आकडे अर्धे दार बंद असलेल्या खोलीत मोजलेले आहेत. मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगच्या नोंदी अधिकृत आकडेवारीत सामील केल्या. आता कारकिर्दीच्या सरासरीत पहिले नाव गिब्सनचे आहे, ०.३७२, आणि एका हंगामाची सर्वोच्च सरासरीही त्याचीच, १९४३ सालची ०.४६६. ‘०.४०० गाठणारा शेवटचा फलंदाज’ हे विल्यम्सचे बिरुद ८० हून अधिक वर्षे टिकले आणि गळून पडले. तो कमी झाला नाही. यादी मोठी झाली.

थोरवीचा कस लागतो तो अशा ठिकाणी. दोघांनाही या यादीविषयी जाहीरपणे काही करण्याची संधी मिळाली होती. १९६९ साली बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त झालेल्या मतदानात डिमॅजिओ ‘हयात असलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू’ ठरला. पुढे समारंभांत आपली ओळख याच शब्दांनी करून दिली जावी असा त्याचा आग्रह असे, असे त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. विल्यम्सला १९६६ साली कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. तिथल्या छोट्या भाषणात त्याने प्रथम विली मेझ या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव घेतले. मेझने नुकताच ५२२ वा होम रन मारून त्याला मागे टाकले होते. विल्यम्सने त्याला पुढे जाण्याचे प्रोत्साहन दिले. मग तो म्हणाला की ज्यांना केवळ संधी नाकारली गेली म्हणून जे इथे नाहीत, अशा थोर निग्रो खेळाडूंचे प्रतीक म्हणून सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांना एक दिवस इथे स्थान मिळावे. हे कोणी त्याला विचारले नव्हते. १९७१ साली पेजला आणि १९७२ साली गिब्सनला ते स्थान मिळाले. विल्यम्सची आई मेक्सिकन वंशाची होती. आपण तिचे आडनाव लावले असते तर त्या काळच्या कॅलिफोर्नियात आपल्याला त्रास झाला असता, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. बॉस्टनच्या संघाने १९५९ साली, सर्व संघांत शेवटी, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला, पम्प्सी ग्रीन. सामन्याआधीच्या सरावात त्याच्याशी चेंडूची फेकाफेक करायला विल्यम्स आपणहून जाई.

आमचा निवाडा विल्यम्सच्या बाजूने आहे, आणि त्याची दोन कारणे आम्ही वेगवेगळी ठेवतो. फलंदाज म्हणून तो अधिक थोर आहे हे आकडे सांगतात. तिथे मतभेदाला फारशी जागा नाही. दुसरे कारण आकड्यांत येत नाही. ज्या यादीत आपले नाव कोरले जात आहे तीच अपुरी आहे, असे त्या यादीसमोर उभे राहून सांगणे, हे स्वतःच्या थोरवीचे माप आपल्या हातांनी कमी करून घेणे आहे. आयुष्यभर योग्य चेंडूची वाट पाहणाऱ्याने तो एक चेंडू सोडला नाही. हे कारण खेळाचे नव्हे, नैतिक आहे, आणि नैतिक कारणाने खेळाचा निवाडा करावा का, असा आक्षेप आमच्यातल्या डिमॅजिओपक्षाने नोंदवला आहे. तो आम्ही इथे तसाच ठेवतो. वेदना सोसून गप्प राहणारा नायक समुद्रावरच्या एकट्या म्हाताऱ्याला अधिक उपयोगी पडतो, हेही खरे.

मराठीचे अध्यापक म्हणून यातून आम्ही काय घ्यावे? गाडगीळ की गोखले हा प्रश्न विचारला जाऊ लागला त्याच्या आसपासच्याच वर्षांत अण्णा भाऊ साठे लिहीत होते. ‘फकिरा’ १९५९ ची, आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा. मराठीत दार बंद करणारा करार कोणी केलेला नव्हता. तरीही ‘थोर कोण?’ या प्रश्नाच्या जोडीत त्यांची नावे सहसा आली नाहीत. ती वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या मथळ्याखाली शिकवली गेली. वेगळी लीग कशी तयार होते हे समजायला त्यामुळे आम्हाला अमेरिकेपर्यंत जावे लागू नये. तुलनेचे प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावेत असे आम्ही म्हणणार नाही. ते अधिक धीटपणे विचारावेत. फक्त उत्तर लिहिणाऱ्याकडून आणखी दोन गोष्टी मागाव्यात: तुझा निकष कोणता, आणि ही जोडी लावताना कोणाचे नाव आधीच गळाले होते? पुढच्या सत्रात ‘एका कोळियाने’ शिकवताना त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिणार आहोत, आणि त्याखाली हे दोन.